चौसष्ट घरांचा हिशेब

रमजानचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी तो वैशाखातल्या उन्हात येतो, कधी पावसाळ्यात, कधी ऐन थंडीत. साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून त्याची एक फेरी पूर्ण होते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. मधल्या ११ दिवसांचे काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या परीने दिले. हिंदू पंचांगात अधिक महिना धरतात. ज्यू लोक १९ वर्षांत ७ महिने जास्तीचे धरतात. इस्लामी कालगणना चंद्राला चंद्राच्याच चालीने जाऊ देते. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते आणि ईद बारा महिने फिरते.

चंद्र एकच, हिशेब मात्र वेगवेगळे. हजार वर्षांपूर्वी असे अनेक समाजांचे हिशेब एका ग्रंथात शेजारी शेजारी मांडण्याचे काम अवघ्या २७ वर्षांच्या एका विद्वानाने केले. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी. आपल्याकडे शाळेच्या इतिहासात ते अल्बेरुनी या नावाने भेटतात आणि गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानात आलेला प्रवासी एवढीच त्यांची ओळख होते. ती अपुरी आहे. बिरुनी आधी गणिती होते, मग बाकी सारे. त्याच ग्रंथात त्यांनी बुद्धिबळाच्या पटावरचा एक प्रचंड आकडा शेवटच्या अंकापर्यंत अचूक काढून ठेवला आहे. तो आकडा समजून घेतला की हा माणूस विचार कसा करत असे, तेही कळते.

शहराबाहेरचा मुलगा

बिरुनींचा जन्म सप्टेंबर ९७३ चा, हिजरी सन ३६२. मध्य आशियात आमू दर्या नदीच्या काठी ख्वारिझम नावाचा प्रांत होता आणि काथ ही त्याची राजधानी. आज हा भाग उझबेकिस्तानात आहे. फारसीत बेरून म्हणजे बाहेर. उर्दूतही हा शब्द आहे. राजधानीच्या बाहेरच्या वस्तीत जन्मले म्हणून बिरुनी, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो.

ख्वारिझमच्या राजघराण्यातले अबू नस्र मन्सूर हे स्वतः मोठे गणिती होते. त्यांनी या मुलाला आपल्या हाताखाली घेतले. विशीच्या आत बिरुनी सूर्याची उंची मोजून गावाचे अक्षांश काढू लागले. ९९५ मध्ये मात्र यादवी झाली. शेजारच्या गुरगंजच्या सरदाराने काथच्या राजाला मारून सत्ता घेतली. बिरुनींच्या आश्रयदात्यांचे घराणेच बुडाले. २२ वर्षांच्या बिरुनींना घर सोडून पळावे लागले.

पुढची काही वर्षे हलाखीची गेली. आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात एका ज्योतिर्विदाशी त्यांचा गणितावरून वाद झाला. बिरुनींचे म्हणणे बरोबर होते, पण कपडे फाटके होते, म्हणून त्यांची हेटाळणी झाली. दिवस पालटल्यावर तोच गृहस्थ गोड बोलू लागला. ही हकीकत बिरुनींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. दोन अधिक दोन किती, हे सांगणाऱ्याचा खिसा पाहून ठरत नाही, ही गोष्ट त्यांना त्या वयात कायमची कळली असावी.

याच काळात, मे ९९७ मध्ये, चंद्रग्रहण होते. बिरुनी तेव्हा काथमध्ये होते आणि बगदादमध्ये अबुल वफा हे नामवंत गणिती होते. दोघांनी आधी ठरवून, आपापल्या गावातून, एकाच ग्रहणाची वेळ नोंदवली. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण प्रत्येक गावाचे घड्याळ सूर्यावर चालते. दोन्ही ठिकाणच्या वेळांत सुमारे एका तासाचा फरक आला आणि त्यावरून दोन शहरांच्या रेखांशांतला फरक निघाला. तार नाही, टेलिफोन नाही. फक्त दोघांनी एकमेकांच्या प्रामाणिक नोंदीवर ठेवलेला विश्वास.

राजाला न पेलणारे बक्षीस

इसवी सन १००० च्या सुमारास कॅस्पियन समुद्राजवळच्या जुरजान येथे बिरुनींनी आपला पहिला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे नाव अल-आसार अल-बाकिया, म्हणजे मागे उरलेल्या खुणा. पारशी, ज्यू, ख्रिस्ती, हर्रानचे तारापूजक, इस्लामपूर्व अरब आणि मुसलमान, अशा सर्वांच्या कालगणना, सण आणि उपवास त्यात आहेत. रमजानचा वादही त्यात आहे. काही लोक चंद्र न पाहता नुसते ठरावीक गणित मांडत आणि रमजान नेहमी ३० दिवसांचाच असतो असा आग्रह धरत. बिरुनींनी तो आग्रह खोडून काढला. चंद्रकोर दिसणे हे तिच्या उंचीवर, सूर्यापासूनच्या अंतरावर, हवेवर आणि जागेवर अवलंबून असते; आकाशाने आपल्या कोष्टकाप्रमाणे वागावे अशी अपेक्षा धरू नये, हे त्यांनी गणितानेच दाखवले.

याच ग्रंथात बुद्धिबळाचा हिशेब येतो. गोष्ट आपल्या परिचयाची आहे. हिंदुस्थानातल्या एका राजाला एका विद्वानाने बुद्धिबळाचा खेळ दाखवला. राजा खूश झाला आणि म्हणाला, हवे ते माग. विद्वानाने पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घरात दुप्पट करत चौसष्ट घरे भरून मागितली. राजाला मागणे क्षुल्लक वाटले. कोठारवाल्यांनी हिशेब केला तेव्हा कळले की राज्यातले सगळे धान्य घातले तरी ते पुरे पडणार नाही. हिंदुस्थानातून खेळ इराणात आणि अरबांकडे गेला आणि मागोमाग ही गोष्टही गेली.

गोष्ट सांगणारे पुष्कळ होते. बिरुनींनी आकडा काढला. चौसष्ट वेळा दुप्पट करून मग सगळ्यांची बेरीज घ्यायची, तर वेळ फार जातो आणि चूक होण्याची भीतीही असते. त्यांनी दोन नियम वापरले.

पहिला नियम असा. कोणत्याही घरातल्या संख्येचा वर्ग केला, की पहिल्या घरापासून ते घर जितके लांब, तितकेच आणखी पुढे गेल्यावर लागणाऱ्या घराची संख्या मिळते. पाचव्या घरात १६ आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे पुढे आहे. १६ चा वर्ग २५६, आणि पाचव्याच्या पुढे चार घरे मोजली की नववे घर. त्यात २५६ च असतात. २५६ चा वर्ग ६५,५३६. हे सतरावे घर. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. हे तेहतिसावे घर. आणखी एकदा वर्ग केला की पासष्टाव्या घराची संख्या येते. पटावर ते घर नाही, पण हिशेबात ते लागते.

कारण दुसरा नियम सांगतो की कोणत्याही घरापर्यंतची सगळी बेरीज ही पुढच्या घरातल्या संख्येपेक्षा एकाने कमी असते. १, २ आणि ४ यांची बेरीज ७, आणि चौथ्या घरात ८. तेव्हा चौसष्ट घरांची बेरीज हवी असेल तर पासष्टाव्या घराची संख्या काढायची आणि त्यातून एक वजा करायचा. १६ पासून फक्त चार वर्ग आणि एक वजाबाकी. उत्तर असे येते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

हे उत्तर बिरुनींनी हिंदी अंकांत लिहिले. पण एवढा आकडा वाचून माणसाच्या मनात काही उभे राहत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ही नाणी समजून दहा-दहा हजारांच्या थैल्या केल्या. मग एका खेचरावर आठ थैल्या लादल्या, दहा हजार खेचरांचा एक तांडा केला, एका ओढ्याकाठी दहा हजार तांडे चरायला सोडले आणि एका डोंगरातून हजार ओढे वाहतात असे धरले. एवढे करूनही २,३०५ डोंगर लागतात. आकडा इतका मोठा की पृथ्वीवर मावायचा नाही, पण मनाने पायरी पायरीने वर जावे तर तो हाताशी येतो.

आकड्याच्या पोटात काय आहे

बिरुनींच्या नंतर कित्येक शतकांनी गणितज्ञांनी या संख्येची आतली रचना उलगडली. ती इतकी देखणी आहे की थोडी पाहायला हवी.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः याखेरीज कोणी भागू शकत नाही ती मूळ संख्या, बाकीच्या संयुक्त. पटावरची बेरीज संयुक्त आहे, हे तर नुसते पाहूनही कळते. शेवटी ५ आहे, म्हणजे तिला ५ ने भाग जातो. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो, म्हणून या संख्येलाही जातो. ८७ ला ९ ने भाग जात नाही, म्हणून ९ ने भाग जाणार नाही. वीस अंकी संख्येबद्दल एवढे तर शाळकरी मूलही तोंडी सांगू शकते.

आता मूळ अवयव एकेक करून गुणत जाऊ. ३ गुणिले ५ म्हणजे १५. पटावरच्या पहिल्या चार घरांची बेरीज तीच. १५ ला १७ ने गुणले की २५५. ही पहिल्या आठ घरांची, म्हणजे पहिल्या ओळीची बेरीज. त्याला २५७ ने गुणले की ६५,५३५. ही दोन ओळींची. त्याला ६५,५३७ ने गुणले की ४,२९,४९,६७,२९५. ही अर्ध्या पटाची बेरीज. दर वेळी घरे दुप्पट होतात, आणि दर वेळी गुणायची संख्या म्हणजे त्या पुढच्याच घरातली संख्या अधिक एक. शेवटी अर्ध्या पटावरून पूर्ण पटावर जाताना गुणायचे आहे ४,२९,४९,६७,२९७ ने. ही संख्याही मूळच असणार असे सतराव्या शतकात फ्रान्सचे फर्मा यांना वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. दुसरा अवयव ६७,००,४१७. नावाजलेल्या माणसाचा तर्कही तपासून पाहावा लागतो, याचे हे गणितातले प्रसिद्ध उदाहरण आहे.

अशा रीतीने त्या प्रचंड आकड्याच्या पोटात फक्त सात मूळ संख्या निघतात, आणि प्रत्येक एकदाच: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. या सातांपैकी कोणत्याही निवडून गुणाव्यात, त्या गुणाकाराने मोठ्या संख्येला भाग जातोच. असे एकूण १२८ विभाजक होतात. आजच्या चौसष्ट बिटांच्या संगणकाला एका घासात धरता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच, कारण त्याच्याकडे चौसष्ट घरे आहेत आणि प्रत्येक घराचे मोल आधीच्या दुप्पट आहे.

गझनीचा कैदी

जुरजाननंतर बिरुनी ख्वारिझमला परतले. तिथल्या नव्या राजाच्या दरबारात त्यांना मान मिळाला. इब्न सीना हे थोर हकीमही काही काळ त्याच दरबारात होते. दोघांमध्ये ॲरिस्टॉटलच्या मतांवर कडक पत्रव्यवहार झाला होता. बिरुनींचे प्रश्न आजही वाचण्यासारखे आहेत.

१०१७ मध्ये ख्वारिझमचा राजा आपल्याच बंडखोर सैन्याकडून मारला गेला. ते निमित्त करून गझनीच्या सुलतान महमूदाने चढाई केली आणि प्रांत घेतला. विद्वानांनाही लुटीबरोबर गझनीला नेण्यात आले. बिरुनी आणि त्यांचे गुरू अबू नस्र त्यांत होते. बिरुनींचे वय तेव्हा ४४. दुसऱ्यांदा घर सुटले, ते पुन्हा न मिळण्यासाठी.

१०१८ च्या ऑक्टोबरात ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. आपल्यावर आलेली वेळ नूह आणि लूत या पैगंबरांवरही आली नसेल, असे त्यांना वाटत होते. जवळ एकही उपकरण नव्हते. तरीही त्यांनी हिशेबाची पाटी उलटी केली, तिच्या पाठीवर अंशांच्या खुणा असलेला कंस आखला, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजून त्या खेड्याचे अक्षांश काढले.

महमूदाच्या फौजा हिंदुस्थानात उतरत होत्या. त्यांच्यामागून पंजाबपर्यंतचा मुलूख बिरुनींना पाहायला मिळाला. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ त्यांनी एका डोंगराची उंची मोजली, माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला, आणि एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. कोन फक्त ३४ कलांचा होता. त्यांचे उत्तर १,२८,०३,३३७ हात. तेव्हाचा हात आजच्या मापात नेमका किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण उत्तर खऱ्या त्रिज्येच्या जवळचे आहे, यावर फारसे दुमत नाही.

लष्कराने मुलूख जिंकला. बिरुनी तिथली भाषा शिकले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी संस्कृत हाती घेतली. पंडित मिळवणे अवघड होते. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी धुळीसारखी उधळली, म्हणूनच हिंदूंच्या मनात मुसलमानांबद्दल तिटकारा बसला आणि त्यांच्या विद्या काश्मीर-बनारसकडे, सुलतानाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी निघून गेल्या, असे बिरुनींनी स्वच्छ लिहिले. ज्या सुलतानाच्या राज्यात आपण राहतो त्याच्याबद्दल हे लिहिणे सोपे नव्हते.

१०३० मध्ये, महमूदाच्या मृत्यूच्या सुमारास, त्यांचा किताब-उल-हिंद पूर्ण झाला. त्यात ८० प्रकरणे आहेत. हिंदू आपल्या धर्माबद्दल, तत्त्वज्ञानाबद्दल, गणिताबद्दल स्वतः काय सांगतात ते त्यांनी तसेच मांडले. वाद घालण्यासाठी हा ग्रंथ नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. दोषही लिहिले. हिंदी गणितग्रंथांत मोती आणि शेण एकत्र असते, अशी त्यांची तक्रार होती. ग्रहणाचे खरे कारण माहीत असूनही ब्रह्मगुप्ताने राहूच्या समजुतीला मान तुकवली, हे त्यांना खटकले. मात्र सॉक्रेटिससारखी गत होऊ नये म्हणून त्याने तसे केले असेल, हेही त्यांनी समजून घेतले.

कोकण आणि त्याची राजधानी ठाणे यांचा उल्लेख या ग्रंथात आहे. बिरुनी मात्र इतक्या दूर आलेले नव्हते, त्यांनी ही माहिती विचारून गोळा केली. चार जणांनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णनही त्यात आहे. ज्या पटाचा हिशेब तरुणपणी मांडला, तो पट त्याच्या मूळ देशात कसा खेळतात ते त्यांना आता कळले होते. आपल्याकडच्या जुन्या शाळांत एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने घोकून घेत, तशा अठरा स्थानांची संस्कृत नावेही त्यांनी नोंदवली. पटावरचा आकडा वीस अंकी, म्हणजे परार्धाच्याही पुढे दोन घरे. १८४ परार्धांहून जास्त. नावे संपली तरी संख्या संपत नाही.

त्रैराशिकावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्या नावातच राशिक हा शब्द ठेवला. ती १९४८ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादेतल्या दायरतुल मआरिफ या संस्थेने छापली. पतंजलीच्या योगसूत्रांचे त्यांनी अरबीत भाषांतर केले. उलट दिशेने, युक्लिडची भूमिती संस्कृतात नेण्याचा उद्योगही त्यांनी केला. विद्या एका बाजूनेच वाहावी, हे त्यांना मान्य नव्हते.

उपवास आणि नमाज

किताब-उल-हिंदमध्ये उपवासावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकभुक्त राहण्यापासून कृच्छ्र आणि चांद्रायणापर्यंतचे प्रकार त्यात सांगितले आहेत. शुक्ल पक्षातली एकादशी वासुदेवाची, हेही नोंदवले आहे. चांद्रायणात चंद्राच्या कलांप्रमाणे घास वाढवत आणि कमी करत नेतात. चंद्राकडे पाहून रोजे धरणाऱ्या माणसाने हे लिहिताना कुठे उपहास केला नाही, की उगाच स्तुतीही केली नाही.

स्वतःच्या धर्माचे कर्तव्यही त्यांनी गणितानेच नीट केले. गझनीतून किबल्याची, म्हणजे मक्केची दिशा नेमकी कोणती, यासाठी त्यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर एक ग्रंथच लिहिला. तो १०२५ मध्ये पूर्ण झाला. नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या एका उपकरणावर रूमी, म्हणजे ख्रिस्ती बायझंटाइन लोकांच्या महिन्यांची नावे कोरलेली होती. ते परक्या धर्माचे म्हणून एका कर्मठ गृहस्थाने नाकारले. बिरुनी संतापले. रूमी लोक जेवतात आणि रस्त्याने चालतात, मग त्यांचे अनुकरण नको म्हणून तुम्ही जेवणे आणि चालणेही सोडा, असे त्यांनी त्याला सुनावले. सूर्याचे महिने कोणत्या भाषेत लिहिले आहेत याने सावली लांब किंवा आखूड होत नाही, हे त्यांना एवढे उघड दिसत होते की दुसऱ्याला न दिसल्याचा राग येई.

शेवटचा प्रश्न

महमूदानंतर मसूद सुलतान झाला. त्याच्या नावे बिरुनींनी अल-कानून अल-मसूदी हा खगोलावरचा मोठा ग्रंथ लिहिला. सुलतानाने हत्तीवर चांदी लादून पाठवली आणि बिरुनींनी ती परत केली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

हिजरी ४२७ मध्ये, म्हणजे १०३६ च्या सुमारास, त्यांनी आपल्या ग्रंथांची यादी केली. ती शंभराच्या वर गेली. त्या यादीत त्यांनी आपले वयही लिहिले, तेही दोन रीतींनी: चंद्राच्या वर्षांनी ६५, सूर्याच्या वर्षांनी ६३. दोन्ही बरोबर. अखेरीस नजर आणि कान दोन्ही मंदावले, तरी एका जाणकाराच्या मदतीने ते औषधी वनस्पती आणि द्रव्यांवर ग्रंथ लिहीत राहिले. एकेका औषधाची अनेक भाषांतली नावे त्यात आहेत. १०४८ नंतर कधीतरी गझनीतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या घटकेची हकीकत तेराव्या शतकातले चरित्रकार याकूत यांनी दिली आहे. एक फकीह, म्हणजे धार्मिक कायद्याचे जाणकार मित्र, त्यांना भेटायला गेले. श्वास जड झाला होता. तशात बिरुनींनी त्यांना वारसाहक्कातला एक मुद्दा विचारला: आईकडच्या आजीचा वाटा कसा काढायचा, हे पूर्वी एकदा तुम्ही सांगितले होते, ते पुन्हा नीट समजावून सांगा. मित्राला वाईट वाटले. या अवस्थेत कशाला, असे ते म्हणाले. बिरुनींचे म्हणणे असे की ही गोष्ट न कळता जग सोडण्यापेक्षा कळून सोडलेले बरे. मित्राने तो हिशेब समजावला. बिरुनींनी तो परत म्हणून दाखवला आणि लक्षात ठेवला. मित्र घराबाहेर पडून रस्त्यावर आले, तोच आतून रडण्याचा आवाज ऐकू आला.

परार्धापुढचा आकडा एका ओळीत काढणाऱ्या माणसाचा शेवटचा प्रश्न एका घरातल्या वाटणीचा होता. कोणाच्या वाट्याला किती येते, हे बरोबर ठरावे, एवढीच त्यामागची तळमळ होती. फितरा आणि जकात मोजून देण्याच्या या महिन्यात त्या तळमळीची आठवण व्हावी.